मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये मिरची-टोमॅटोसाठी ग्रो टेंट कोणता घ्यावा?

मंडळी, दादरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. समोर टॉवर उभा राहिल्यापासून खिडकीत ऊन नावालाही येत नाही, म्हणून मिरची, बेसिल, चेरी टोमॅटो ग्रो टेंटमध्ये, म्हणजे आत दिवा लावून रोपं वाढवायच्या बंद कापडी तंबूत, लावायचा विचार आहे. (गांजा नाही हो, आधीच सांगतो! घरात त्याचं एक रोप लावलं तरी एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा.)

कपाटाशेजारी जागा जेमतेम २ बाय २ फूट. ५ फूट उंची पुरेल का? वर दिवा, खाली कुंडी, मग टोमॅटोला उरतं काय! स्वस्तातल्या टेंटमध्ये चेनपाशी उजेड झिरपतो म्हणे, पण मिरचीला त्याचं काय? त्यासाठी जाड कापडाचे जास्त पैसे मोजावेसे वाटत नाहीत.

खरी धास्ती पावसाळ्याची. जुलैत आमच्याकडे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. ४ इंची एक्झॉस्ट फॅन लावला तरी तो खोलीतली दमट हवाच आत ओढणार ना? डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) घ्यावाच लागेल, की आत छोटा पंखा फिरता ठेवून भागतं? मुंबईत टेंटसकट पावसाळा काढलेल्यांनी कृपया सांगा.

१०० वॅटचा एलईडी १४ तास म्हणजे रोज १.४ युनिट, तेवढं परवडेल. फॅनचा आवाज किती येतो तेही कळवा, आई त्याच खोलीत झोपते.