श्रद्धेने दुःख हलकं होतं?

श्रद्धेने दुःख हलकं होतं का, असं वर विचारलंय. मला नाही वाटत. पण हातातलं काम सुटत नाही, एवढं खरं. पंडिता रमाबाईंचंच बघा ना. दुष्काळात आईवडील गेले, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमाही गेली. तरी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चालूच! १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर ते पुरं झालं होतं.

आमची आजी नगरची. आजोबा गेल्यावर रोज पहाटे चूल पेटवण्याआधी बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून बसायची. डोळे अधू, पण पान पाठ. मध्येच चष्मा काढून देवाशी भांडायची, "तुझं झालं, आता माझं ऐक."