मदत हवी आहे: केसवर्कमध्ये दुभाषी म्हणून घरातलीच मुलगी बसते

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षाला आहे. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, ते कुंभारीच्या विडी घरकुलात मिळालंय. बाहेरगावच्यांसाठी सांगते, ही कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली १०,००० घरं, २००६ साली ताबा मिळाला. पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात आणि मला ती येत नाही.

केसवर्कसाठी (एकेका व्यक्तीला भेटून तिच्या अडचणीत मदत करायचं काम) ज्या ताईंकडे जाते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे हात थांबवून बोलणं परवडत नाही. मीही तसं म्हणणार नाही. शेजारी वही घेऊन बसलेली त्यांची सातवीतली मुलगी मला सगळं मराठीत सांगते. रेशनकार्ड, विडी कामगारांचं कार्ड इथपर्यंत ठीक चाललं होतं. मागच्या भेटीत ताई बराच वेळ बोलत राहिल्या. मुलगी खाली बघत एवढंच म्हणाली, "काही नाही, पप्पांचं सांगतेय." मी पुढे विचारलं नाही.

बिस्टेक या लेखकाने सांगितलेल्या केसवर्कच्या सात तत्त्वांत गोपनीयता आहे, परीक्षेत लिहिताही येते. इथे काय करायचं? घरात काय चालतं ते त्या पोरीला माहीत असणारच, पण आईचं दुःख तिच्याच तोंडून वदवून घेणं मला पटत नाही.

शेजारणीला बसवलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. वर्गातली तेलुगू येणारी मैत्रीण यायला तयार आहे, पण ती त्याच भागातली. सकाळी ताई माल द्यायला कारखान्यात जातात, तेव्हा वाटेत सोबत चालत बोललं तर? त्यांना मोडकंतोडकं मराठी येतं, घरात मात्र बोलत नाहीत. असं कोणी केलंय का? सुपरवायझर मॅडमना आधी विचारावं लागेल ना?

दुसरं, रेकॉर्डिंगचं, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीचं. ग्रुप कॉन्फरन्समध्ये ते बाकीच्या विद्यार्थ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं. नाव बदललं तरी घरकुलातल्या मुलींना माणूस लगेच कळतो. तुम्ही असा मजकूर कितपत लिहिता? की तो वेगळा ठेवून फक्त मॅडमना दाखवता?

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा घरकुलात काम केलेल्यांनी जरूर सांगा. पुढची भेट गुरुवारी आहे. ताई पहिल्यांदाच आपणहून बोलायला लागल्यात, ते बोलणं माझ्यामुळे अडू नये, म्हणून घाई करतेय.