एकच पुस्तक सुचवायचे झाले तर

पागोळी:
काल आईचे कपाट आवरताना लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची जुनी प्रत हाती लागली. कणा खळीने चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या आणि मध्येच खूण म्हणून घातलेले एक आंतरदेशीय पत्र. 1895 साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले, नेमक्या त्याच पानांत ते पत्र होते. आई तिथवर येऊन थांबली होती की पुन्हापुन्हा तिथे जात होती, हे आता विचारता येत नाही. मी ती पाने तिथेच जमिनीवर बसून वाचली. शाळेत धडा म्हणून वाचले तेव्हा त्यातला विनोद तेवढा लक्षात राहिला होता. या वेळी जाणवले की ही बाई कुणाकडे दया मागत नाही, नवऱ्यावर रागावते, त्याच्यावर माया करते आणि दोन्ही सारख्याच सरळपणे लिहून मोकळी होते. आपणही एखादे पुस्तक सुचवावे. प्रकार कोणताही चालेल, परंतु तेच का, हे अवश्य लिहावे.

सुपारीबाग:
विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. राणीविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते, पण तोफा चालू असताना सामान्य माणूस कुठे लपतो, पाणी कुठून आणतो, जवळची किडूकमिडूक पुंजी कशी लुटली जाते, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने मराठीत सांगितले आहे. आयुष्याच्या उतरणीला, 1883 च्या सुमारास, त्यांनी हे लिहून काढले; पुस्तक निघाले ते 1907 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. आमचे आजोळ त्याच भागातले असल्याने मला त्यांची भाषा घरातली वाटते. इतिहासाची आवड नसलेल्यांनीही वाचावे, कारण हा माणूस वीर नाही, घाबरतो, आणि घाबरलो असे लिहितो.

वाटीचमचा:
मी गेली अनेक वर्षे परदेशात आहे आणि माझे उत्तर कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हेच आहे. 1970 सालचे हे पुस्तक आईने बॅगेत साड्यांच्या घडीत घालून दिले होते. 'अंदाजाने घ्या' असे म्हणणाऱ्या सगळ्या वडीलधाऱ्यांपासून दूर असताना वाटी-चमच्याच्या मापाने केवढा आधार दिला, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. पुरणपोळीच्या पानावर तेलाचे बोट उमटले आहे, ते माझे पहिल्या वर्षीचे.

जुनी वही:
वाटीचमचा, आमच्याकडेही तीच प्रत आहे, फक्त तिचे मुखपृष्ठ उरलेले नाही.
माझ्याकडून बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून वह्या लपवून त्यांनी हे लिहिले. स्वतःची कहाणी म्हणून सुरू होते आणि पाहता पाहता संपूर्ण महारवाड्याची होते. उपासमारीची वर्णने वाचताना मला पुस्तक दोनदा मिटावे लागले, तरीही सुचवते आहे.

माळरान:
'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकर, 1955. मी स्वतः एकशिक्षकी शाळेवर नोकरी केली आहे. पोरे मेंढरांमागे जातात, शाळा ओस पडते आणि गाव मात्र तुमच्याकडे चिठ्ठीचपाटी, भांडणतंटा असे सगळे घेऊन येते, हे त्या तरुण मास्तराच्या बाबतीत जसे घडते तसेच माझ्याही बाबतीत घडले. गावकऱ्यांनी अंगमेहनतीने तालीम उभारण्याचा भाग मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवत असे. शेवटच्या दुष्काळाची पाने मात्र कधीच मोठ्याने वाचवली नाहीत.

चैत्रपालवी:
दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' सलग वाचू नये, असे माझे मत आहे. चैत्रात चैत्राचा लेख, वैशाखात वैशाखाचा. मी तीन वर्षे असे करते आहे आणि इमारतीखालची झाडे आता मला नावानिशी ओळखता येतात.

पागोळी:
चैत्रपालवी, ही रीत फार आवडली. श्रावणापासून सुरुवात करते.

नववीची आई:
माझ्या मुलाला विज्ञानाखेरीज काही रुचत नाही. त्याच्यासाठी मराठीत काय आहे? धाकटी दहा वर्षांची आहे, तिच्यासाठीही सुचवावे.

धूमकेतू:
मुलाला जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह द्यावा आणि त्यातल्या 'कृष्णविवर' या कथेपासून सुरुवात करावी. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. परीक्षकांनी नाव न पाहता तिला पहिले बक्षीस दिले, ही गोष्ट मुलाला आधी सांगावी. पुस्तक तो आपणहून मागेल. धाकटीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा माझ्या मुलीला इतका आवडला की कोडे सुटले की तीही 'ट्टॉक' करते.

नववीची आई:
आभारी आहे. दोन्ही पुस्तके शनिवारी वाचनालयातून आणते.