अनुभव धागा : स्टॅकवर व्हीएलॅन करताना तुमचं कुठे अडलं?

पर्वरीच्या आमच्या कार्यालयात तीन स्विचचा स्टॅक (केबलने जोडून एकच असल्यासारखे चालणारे स्विच) बसवला. हिशेब विभाग, पाहुण्यांचा वायफाय आणि कॅमेरे असे तीन व्हीएलॅन (त्याच स्विचवर आखलेली वेगळी नेटवर्क) केले. सगळं झालं असं वाटलं आणि त्याच संध्याकाळी पाहुण्यांच्या वायफायवरून हिशेबाचा प्रिंटर दिसला! तिन्ही व्हीएलॅनना स्टॅकवरच आयपी देऊन मी रूटिंग चालू केलं होतं. मग लेयर थ्री (रूटिंग करणारा) स्विच एका व्हीएलॅनची पाकिटं दुसऱ्यात आपणहून पोचवणारच. अडवायची तर एसीएल, म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं याची नियमांची यादी, लिहावी लागते. व्हीएलॅन वेगळे केले म्हणजे भिंत झाली, हा माझा समज त्या दिवशी गेला. तुमचे अनुभव लिहा, चुकांसकट. नव्या मुलांना त्यांचाच जास्त उपयोग होतो.

वेर्णा, कारखान्यातून

ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीएलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर, ४० नंबरचा व्हीएलॅन वाढवायचा होता. मी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीएलॅन ४०’ असं दिलं, ‘ॲड’ राहिलं. जुनी यादी पुसली गेली, १०, २० आणि ३० बंद, पॅकिंगचं काम थांबलं. माझं स्वतःचं सेशनही त्याच ट्रंकवरून होतं, तेही तुटलं. धावत रॅकपाशी गेलो, कन्सोल केबल लावली आणि यादी पुन्हा लिहिली. तेव्हापासून दुरून ट्रंकला हात लावण्याआधी ‘रीलोड इन १०’ देतो. मी अडकलो तर दहा मिनिटांत स्टॅक जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. काम नीट झालं की ‘रीलोड कॅन्सल’. मात्र मधे सेव्ह करायचं नाही, नाहीतर चूकच कायम होते.

कळंगुट, हॉटेलचं नेटवर्क बघतो

आमच्याकडे जूनच्या पहिल्या गडगडाटात मधला स्विच गेला. स्टॅकची केबल एकापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला अशी सरळ लावलेली. मधला जाताच पहिला आणि तिसरा तुटले, दोघेही मास्टर (स्टॅक चालवणारा मुख्य स्विच) झाले, दोघांचा आयपी एकच. मॅनेजमेंटला कधी हा उत्तर द्यायचा, कधी तो. तिसऱ्यापासून पहिल्याला परत केबल आणून रिंग केली असती तर हे झालंच नसतं. बाहेर जाणारा अपलिंकही एकाच स्विचवर होता. आता स्टॅकच्या दोन वेगवेगळ्या स्विचवर एलएसीपीने (अनेक जोडण्या एक करणारी पद्धत) बांधलाय.

पुढचा घोळ बदली स्विचचा. तो दुसऱ्या स्टॅकमधून काढलेला, आपला ४ हा नंबर धरूनच आला. कॉन्फिग २/०/१ पासूनच्या पोर्टना (पहिला आकडा स्विचचा नंबर), आणि हा आला ४/०/१ घेऊन. सगळे पोर्ट व्हीएलॅन १ मध्ये, कॅमेरे गायब. ‘स्विच ४ रीनंबर २’ करून तो रीलोड केला, तेव्हा सगळं जागेवर आलं. जोडण्याआधी सॉफ्टवेअरची आवृत्तीही जुळवून घ्या.

म्हापसा

नव्या व्हीएलॅनमध्ये कुणालाच आयपी मिळेना. आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीएलॅनमध्ये होता आणि ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून केलेली मागणी) तिथवर पोचत नाही. हेल्पर ॲड्रेस (मागणी पुढे सर्व्हरकडे पाठवायचा पत्ता) घातला, सुरू झालं.

फोंडा, कॉलेजच्या लॅबमधून

८०२.१क्यू या व्हीएलॅनच्या मानकाच्या टॅगमध्ये व्हीएलॅनला १२ बिट असतात, म्हणून १ ते ४०९४ नंबर वापरता येतात. एवढी मोकळीक आहे तर नंबरांना अर्थ द्या. आमच्याकडे पहिल्या मजल्याचे ११०, १२०, दुसऱ्याचे २१०, २२०. रात्री फोन आला तरी नंबरावरून मजला कळतो.

पर्वरीहून पुन्हा

कळंगुटच्या बाबांचं वाचून लगेच रॅक उघडला. आमचीही केबल सरळच होती, रिंग नव्हती. आज केली. मास्टर कुठला हेही नशिबावर सोडलेलं, तर वरच्या स्विचला प्रायॉरिटी १५, म्हणजे सगळ्यात वरची, दिली. ती लगेच लागू होत नाही, मास्टरच्या पुढच्या निवडीला होते. म्हणून रविवारी, कार्यालय बंद असताना, पूर्ण स्टॅक रीलोड करून बघणार आहे.