उजनीच्या बॅकवॉटरसाठी इनबोर्ड, आउटबोर्ड की स्टर्नड्राइव्ह?

उजनीकाठ, करमाळा
२४ फुटी लोखंडी बोट बांधायला टाकली आहे. माणसं, कडबा, मोटरसायकली न्यायच्या. वेग नको, रेटा हवा. डिझेल इंजिन आत बसवून पंख्यापर्यंत शाफ्ट (फिरता दांडा) काढावा, म्हणजे इनबोर्ड, की मागं बाहेर टांगायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड लावावं? एक जण स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा भाग मागं बाहेर) सुचवतोय. मे महिन्यात धरण मायनसमध्ये गेलं (वापराचा साठा संपला) की काठाला गुडघाभर पाणी असतं, वर जलपर्णी.

शाफ्टवाला
ओझं वाहायचं तर इनबोर्डच. रिडक्शन गिअर (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा) २:१ किंवा ३:१ घेतला की मोठा पंखा कमी फेऱ्यांत फिरतो आणि भरलेली बोटही नेटानं पुढं सरकते. इंजिनाचं वजन तळाशी राहतं, वर मोटरसायकली असताना त्याचा मोठा आधार.

अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) मात्र बोट पाण्यात उतरवल्यावरच पक्कं करा, जमिनीवर केलेलं पाण्यात बदलतं. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढा, त्याच्या दोन्ही फ्लँज (गोल चकत्या) टेकवा, मधली फट मोजायला फीलर गेज (पातळ पट्ट्यांचं माप) वर-खाली-डावी-उजवीकडं घाला. ४ इंची फ्लँजला ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर बेअरिंग घासतं आणि गिअरबॉक्सचं सील जातं.

ग्लँडचं (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडाचं) पॅकिंग, म्हणजे आतली दोरी, सलग गुंडाळू नका. वेगवेगळ्या रिंगा तिरक्या कापा, सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब गळलेच पाहिजेत, तेच तिथलं वंगण. गळती पार थांबवायला नट आवळला की पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडतात.

भिगवणकर
रेट्याचं पटतं, पण उन्हाळ्यात बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे वर येतात. आउटबोर्ड उचलता येतं, पंख्यात अडकलेली जलपर्णी बोटीतूनच विळ्यानं कापता येते. इनबोर्डला माणूस पाण्यात उतरवावा लागतो. आउटबोर्ड घेतलंच तर पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाला समांतर, फार तर इंचभर खाली ठेवा. वर राहिली तर पंखा हवा ओढतो.

शाफ्टवाला
त्यावर उपाय आहे. पंख्याखालून सुकाणूपर्यंत कीलची (तळाच्या मधल्या कण्याची) लोखंडी पट्टी न्या, बुंधा आधी तिला लागेल. पंख्याच्या वर पाण्याच्या रेषेपेक्षा उंच, झाकणाची विहीर ठेवा, कापणी तिथून होते. आणि कील कूलिंग करा: इंजिन थंड ठेवणारं कूलंट तळाच्या बाहेरच्या पाइपांतून फिरतं, बाहेरचं पाणी आत ओढावं लागत नाही, जलपर्णीनं गाळणी तुंबून इंजिन तापायचा प्रश्नच उरत नाही.

स्टर्नड्राइव्ह वेगाच्या बोटीला ठीक. त्याचा रबरी बेलो (बोटीच्या मागच्या जोडावरचं घडीदार आवरण) फाटला तर आधी बेअरिंग जातं, मग पाणी आत शिरतं.

भिगवणकर
विहीर केली तर माझंही मत इनबोर्डला. काठाला लावायला लांब फळी ठेवा, बोट खोल पाण्यातच उभी राहील.