परवानगी देणारा आणि झाडावर चढणारा एकदा तरी एका झाडाखाली उभे राहायला नकोत का?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक पोस्टवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दोरखंड

बावीस वर्षं झाडं छाटण्याचं काम करतोय. आधी वडिलांच्या हाताखाली, आता माझी स्वतःची आठ माणसं आहेत. मुंबई-ठाणे पट्ट्यात बहुतेक सोसायट्यांची कामं, पावसाळ्याआधी पालिकेचीही थोडी.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका सोसायटीच्या आवारात जुना पर्जन्यवृक्ष. छाटणीसाठी पालिकेकडून आलेल्या परवानगीच्या पत्रात एकच ओळ: "धोकादायक फांद्यांची संतुलित छाटणी करण्यास हरकत नाही." कुठल्या फांद्या, किती, कुठपर्यंत, काहीच नाही. पाहणीला आलेल्या साहेबांनी गेटजवळून फोटो काढला आणि ते गेले. सोसायटीला पश्चिमेच्या फांद्या नको होत्या, कारण खाली गाड्या लागतात आणि वर बगळे बसतात. माझा माणूस वर चढला तर रस्त्याच्या बाजूच्या, म्हणजे पूर्वेच्या मोठ्या फांदीला ढोली. हात कोपरापर्यंत आत जात होता. मी साहेबांना फोन केला, उचलला नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, "परवानगीप्रमाणे करा."

परवानगीप्रमाणे म्हणजे काय? सोसायटी म्हणाली पश्चिम, आम्ही पश्चिम केली. झाडाचा सगळा भार पूर्वेला गेला. जुलैमध्ये ती ढोलीवाली फांदी कंपाउंडच्या भिंतीवर आली. माणूस वाचला, भिंत गेली. नोटीस मला आली, असमतोल छाटणी केल्याची.

महाराष्ट्रात 1975 पासून शहरांतल्या झाडांसाठी कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे. झाडाला प्रत्यक्ष करवत लावणारा त्या व्यवहारात कुठे दिसतच नाही. माझं म्हणणं एवढंच की पत्र लिहिण्याआधी अधिकारी, कंत्राटदार आणि चढणारा माणूस यांनी मिळून झाड बघावं. कापायच्या फांदीवर गेरूची खूण करावी, फोटो काढावा आणि तो पत्राला जोडावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पानगळ

मला हे पटत नाही, आणि का ते स्पष्ट लिहिते. झाडाचा निर्णय ज्याला त्या झाडातून काही मिळणार नाही त्याने घ्यावा, या विचारावर हा कायदा उभा आहे. झाड तोडायचं तर झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात येते, लोकांना हरकतीला सात दिवस मिळतात. परवानगी दिल्यावरही पंधरा दिवस करवत लावता येत नाही. छाटणीला यातलं काहीच नाही, म्हणून छाटणीच्या नावावर झाडं मरतात. आमच्या गल्लीतल्या तीन सोनमोहरांची "छाटणी" होऊन नुसते खुंट उरले. वर्षभर पालवी फुटत राहिली, मग एकेक वाळला.

तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये लाकूड हा शब्द नाही. कापलेलं लाकूड कोण नेतं? ज्याला जाड फांदी कापली की फायदा होतो, त्याने अधिकाऱ्याशेजारी उभं राहून कुठली फांदी धोकादायक ते दाखवायचं? तुम्ही दोघं मिळून झाड बघाल, ते ठीक. पण मग झाडाच्या बाजूने तिथे कोण असेल?

माजी उद्यान सहायक

एका महापालिकेच्या उद्यान खात्यात एकतीस वर्षं काढली. दोघांनाही सांगायचं आहे.

मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे 29.75 लाख झाडं मोजली गेली, त्यातली निम्म्याच्या आसपास खासगी आवारांत आहेत. मी होतो तिथे आकडा लहान होता, चित्र तेच होतं. एप्रिल लागला की टेबलावर अर्जांचा ढीग. प्रत्येक अर्जामागे एक फोन. "साहेब, आमच्या वॉर्डातलं आहे, जरा बघा." दुपारच्या उन्हात दिवसाला पंधरा-वीस झाडं पाहायची, संध्याकाळी अहवाल लिहायचे. दोरखंड म्हणतात तो अर्धा तास मला कधी मिळाला नाही, हे कबूल करतो.

आणि भीती. जुलै 2017 मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा जीव गेला. ते झाड तोडायला परवानगी द्या, म्हणून रहिवाशांनी आधी अर्ज केलेला होता. ती बातमी वाचून आमच्यातला प्रत्येक जण त्या रात्री स्वतःच्या जुन्या सह्या आठवत बसला असेल. मी बसलो होतो. नाही म्हटलं आणि झाड पडलं तर आपण, हो म्हटलं आणि कोणी कोर्टात गेलं तरी आपणच. "संतुलित छाटणी" हे शब्द त्या भीतीतून आलेत. ते कशालाच हो म्हणत नाहीत आणि कशालाच नाही म्हणत नाहीत. मी स्वतः ते शेकडो वेळा लिहिले.

पण दोरखंड, तुमचंही चुकलं. ढोली दिसली होती. पश्चिम कापली तर भार कुठे जाणार हे बावीस वर्षांच्या माणसाला कळत होतं. मग काम थांबवायचं होतं. "परवानगीप्रमाणे करा" या उत्तराआड तुम्ही लपलात, जसे आम्ही "संतुलित"आड लपलो.

दोरखंड

थांबवलं असतं तर सहा जणांची त्या दिवसाची मजुरी आणि शिडीच्या गाडीचं भाडं माझ्या खिशातून गेलं असतं, आणि सोसायटीने दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला बोलावलं असतं. हे कारण आहे, सबब नाही. चुकलं हे मान्य.

पानगळ ताई, लाकडाचं. हो, लाकूड माझ्याकडेच येतं. सोसायटीच्या कामात ते धरूनच भाव सांगतो. बारीक फांद्या आणि पाला उचलून न्यायला पैसे पडतात, जाड लाकडाचे पैसे येतात. म्हणजे झाडाला जी छाटणी सोसते, बाहेरच्या बारीक फांद्यांची, ती मला महाग पडते, आणि जी सोसत नाही ती स्वस्त. असं इथे पहिल्यांदाच लिहितोय.

सोसायटी सेक्रेटरी

आम्ही तीन भाव मागवतो आणि सर्वांत कमी असेल त्याला काम देतो. दर वेळी कोणीतरी इतक्या कमी पैशात कसं करतो याचं नवल वाटायचं. आता कळलं. आमच्या आंब्याच्या दोन मोठ्या फांद्या गेल्या तेव्हा त्या का गेल्या, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

लीड्सकर

मूळचा साताऱ्याचा, इंग्लंडमध्ये गेली नऊ वर्षं हेच काम करतोय. इथे आम्हाला ट्री सर्जन म्हणतात आणि कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या पालिकेत, ट्री ऑफिसर असतो. काही झाडांवर संरक्षण आदेश असतो. अशा झाडाला हात लावायचा तर अर्ज, आणि निर्णयाला आठ आठवड्यांची मुदत. वारसा जपलेल्या वस्त्यांमध्ये बाकीच्या झाडांसाठीही सहा आठवडे आधी कळवावं लागतं, खोड जमिनीपासून दीड मीटरवर साडेसात सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर.

अर्जात नुसतं "छाटणी" लिहून भागत नाही. कुठल्या बाजूची फांदी, किती मीटर आखूड करायची, कापून कुठपर्यंत आणायची, कारण काय, हे सगळं सांगावं लागतं. मी फोटोवर रेघ मारूनच पाठवतो. कापायचं कसं याचंही मानक आहे. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर वळी असते. तिच्या अगदी बाहेरून कापलं तर झाड जखम हळूहळू बुजवतं. खोडाला घासून कापलं किंवा लांब खुंट ठेवला तर तिथून कूज आत जाते.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. परवानगीशिवाय संरक्षित झाड पाडलं तर मालकावर खटला होतो आणि पाडणाऱ्यावरही. दंडाला वरची मर्यादा नाही. म्हणून करवत चालू करण्याआधी या झाडावर आदेश आहे का, हे मी स्वतः तपासतो. मालकाच्या शब्दावर जात नाही. त्यामुळे ट्री ऑफिसरला फोन करणं माझ्या स्वतःच्याच फायद्याचं असतं. आमच्या भागातल्या बाईंशी महिन्यातून दोनदा तरी बोलणं होतं. भांडणंही होतात. तीन वर्षांपूर्वी बीच जातीच्या एका झाडावरून आमचं इतकं वाजलं की महिनाभर ईमेलशिवाय बोललो नाही. पण त्यांना माहीत आहे की मी वर जाऊन बघून बोलतो, आणि मला माहीत आहे की त्या सोसायटीच्या, म्हणजे इथल्या घरमालकाच्या, दबावाखाली सही करत नाहीत. अर्थात इथेही कित्येक कौन्सिलांत या कामाला एकच माणूस असतो, कधी तोही अर्धवेळ.

पानगळ

लीड्सकर, तुम्ही शेफील्डपासून तासाभरावर राहता आणि शेफील्डचं नाव घेत नाही?

इतरांसाठी थोडक्यात. तिथल्या कौन्सिलने रस्ते दुरुस्तीचं पंचवीस वर्षांचं कंत्राट एका खासगी कंपनीला दिलं. 2012 मध्ये काम सुरू झालं. रस्त्यांवरच्या सुमारे 36 हजार झाडांपैकी 17,500 काढून नवी लावायची, असा आकडा त्या कंत्राटात होता. लोक झाडांखाली उभे राहिले, पोलिसांनी त्यांना अटक केली, कौन्सिलने स्वतःच्याच नागरिकांना कोर्टात खेचलं. 2018 मध्ये तोड थांबली तोवर हजारो झाडं गेली होती. 2023 मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, त्यात कौन्सिलवर अप्रामाणिकपणाचा ठपका होता. तिथे तज्ज्ञ होते, मानक होतं, अधिकारी आणि कंत्राटदार अगदी मिळून काम करत होते. लोकांना तेवढं बाहेर ठेवलं होतं.

म्हणून म्हणते, या दोघांचं पटण्याने झाड वाचेलच असं नाही. खूण करा, फोटो काढा, पण तो फोटो सात दिवस झाडावर लावा. छाटणीसाठीसुद्धा. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे कुठली फांदी जाणार आहे.

लीड्सकर

शेफील्डचं खरं आहे. तिथल्या बऱ्याच ट्री सर्जननाही ती तोड मान्य नव्हती, पण कंत्राटात आकडा एकदा लिहिला गेला की झाडाखाली उभं राहून कोण काय म्हणतो याला किंमत उरत नाही. फोटो झाडावर लावण्याला माझा विरोध नाही. वाळलेल्या आणि तुटून लोंबणाऱ्या फांद्या तेवढ्या त्यातून वगळा. इथेही वाळलेली फांदी काढायला परवानगी लागत नाही.

माजी उद्यान सहायक

सात दिवस फोटो लावायचा तर अर्ज फेब्रुवारीतच यायला हवेत. मे महिन्यात अर्ज आणि जूनच्या आधी छाटणी, यात सात दिवस बसत नाहीत. तौक्ते वादळ 17 मे 2021 ला आलं, मुंबईत दोन हजारांहून जास्त झाडं किंवा फांद्या पडल्या. तेव्हा आमच्याकडे किती अर्ज पाहणीवाचून पडून होते, हे मला अजून आठवतं. वेळापत्रक आधी बदला, मग बाकीचं.

माडावरचा

मी चढतो. दोरखंड दादांच्या गाडीवर नाही, दुसरीकडे आहे. गाव मालवणकडे, माड चढून हात बसला, मग मुंबईत आलो. वाचत होतो सगळं.

ढोली खालून दिसत नाही. कोयत्याच्या पाठीने ठोकायचं. भरीव लाकूड ठण वाजतं, पोकळ असलं की ढब. मुंग्यांची रांग सालीच्या आत शिरत असेल तर आत भुसा झालेला असतो. पावसात बुंध्यापाशी अळंबी आली तर मूळ कुजलंय. हे मला कोणी साहेबाने विचारलं नाही आजपर्यंत. साहेब मुकादमाशी बोलतात, मुकादम मला हाताने दाखवतो, ही काप, ती काप.

फांद्यांवर एवढं बोललात, मुळांवर कोणी नाही. गटाराचं काम निघतं, एका बाजूची मुळं यंत्राने तोडतात, वर पेव्हर ब्लॉक बसवतात बुंध्याला चिकटून. दोन पावसाळ्यांनी झाड पडतं, आणि तोडलेल्या मुळांकडे पाठ करून पडतं. गटारवाले उद्यानवाल्यांना विचारतात का, माहीत नाही. आम्हाला बोलावतात ते पडल्यावर.

अजून एक. मे महिन्यात कावळ्याची घरटी असतात. अंडी दिसली की मी ती फांदी ठेवतो. मग मुकादम म्हणतो काम अर्धं झालं, मजुरी अर्धी. पत्रात साहेबांनी एक ओळ लिहिली, घरटं असलेली फांदी ठेवावी, तर माझी मजुरी कापता येणार नाही.

माजी उद्यान सहायक

बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी दिला होता. तो कागद मी आमच्या रस्ते विभागाला दोनदा पाठवला. उत्तर आलं नाही, तिसऱ्यांदा पाठवला नाही. ते माझ्याकडून राहिलं.

घरट्याची ओळ लिहायला कुठलाही नियम आड येत नाही. माझ्या जागेवर आता जो मुलगा आहे त्याच्याशी बोलतो. एक विचारतो, वर चढल्यावर जे सापडलं ते लिहून द्याल का? सहीनिशी?

माडावरचा

देईन. आठवी झालीय. पण फॉर्मवर अर्जदार, अधिकारी आणि कंत्राटदार एवढ्याच जागा आहेत. चढणाऱ्याची एक करा.

पानगळ

या सहीला माझा पूर्ण पाठिंबा. या दादांना फांदी कापल्याचे पैसे मिळतात, लाकडाचे नाही, म्हणून यांचा शब्द मी धरीन. दोरखंड, तुमच्या शब्दाबद्दल मात्र अजून तेच म्हणते. लाकूड भावातून बाहेर काढा, मग अधिकाऱ्याशेजारी उभे राहा.

दोरखंड

सोमवारी दोन सोसायट्यांना भाव द्यायचे आहेत, एक वडाचं काम आणि एक गुलमोहरांची रांग. दोन्हीकडे छाटणीची मजुरी वेगळी लिहितो, पाला उचलण्याची वेगळी, आणि लाकूड सोसायटीचं, त्यांनी वजन करून कोणालाही विकावं. माझा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच वर जाईल. काम मिळालं की नाही ते इथे कळवतो.