शब्दचर्चा: ‘वॉर ऑन…’, ‘मूनशॉट’, ‘विकेड प्रॉब्लेम’

प्रश्न: इंग्रजी लेखांत मोठ्या समस्येला कधी ‘वॉर ऑन अमुक’, कधी ‘मूनशॉट’, तर कधी ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हणतात. मराठीत तिन्हींना ‘मोठे आव्हान’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद १: नाही. तिन्हींत शेवट वेगळा गृहीत धरलेला आहे. युद्धात शत्रू असतो आणि शेवटी जय किंवा पराजय. मूनशॉटमध्ये एकच लक्ष्य आणि मुदत: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी २५ मे १९६१ ला सांगितले, दशक संपण्याआत माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा. विकेड प्रॉब्लेमला शेवटच नसतो.

कर्करोगाचे उदाहरण घ्या. निक्सन यांनी जानेवारी १९७१ च्या भाषणात अणू फोडणाऱ्या आणि चंद्रावर माणूस नेणाऱ्या प्रयत्नांचा दाखला दिला, डिसेंबरात नॅशनल कॅन्सर ॲक्टवर सही केली, आणि ‘वॉर ऑन कॅन्सर’ हे नाव रूढ झाले. पण कर्करोग हा एक शत्रू नव्हे, अनेक रोगांचा समूह आहे. चंद्रावर जायचे मूळ भौतिकशास्त्र अपोलो मोहिमेच्या आधीच हाती होते. इथे पेशी बिघडते कशी, हेच अजून उलगडायचे होते. २०१६ मध्ये ओबामांनी ‘कॅन्सर मूनशॉट’ जाहीर केला. २०२२ मध्ये बायडन यांनी त्याला आकडा दिला: २५ वर्षांत मृत्युदर किमान निम्म्यावर. हे मोजता येते, म्हणून माझ्या मते इथे ‘मूनशॉट’ शब्द शोभतो.

प्रतिसाद २: मात्र ‘चांद्रमोहीम’ लिहू नका, वाचकाला थेट चांद्रयान आठवेल. ‘कालबद्ध महामोहीम’ बरे. आणि जॉन्सन यांच्या १९६४ च्या ‘वॉर ऑन पॉव्हर्टी’साठी ‘युद्धपातळीवर’ नको. मराठीत तो शब्द फक्त घाई सांगतो. खड्डेसुद्धा युद्धपातळीवरच बुजवले जातात! सरळ ‘गरिबीविरुद्ध युद्ध’ लिहा.

प्रतिसाद ३: ‘विकेड’चे ‘दुष्ट’ करणे ही नेहमीची चूक. नियोजनाचे अभ्यासक रिटेल आणि वेबर यांनी १९७३ च्या लेखात या समस्यांची दहा लक्षणे दिली. प्रश्नाची एकच पक्की व्याख्या होत नाही, कुठे थांबायचे याचा नियम नाही, उत्तर खरे-खोटे नसते, बरे-वाईट असते. शिवाय प्रत्येक उपाय परिस्थितीच बदलून टाकतो, त्यामुळे आधी करून पाहण्याची सोय नाही: द्रुतगती मार्ग बांधून, नाही जमला म्हणून पुसून टाकता येत नाही. याच्या उलट शब्द ‘टेम’, म्हणजे काबूत येणारी समस्या. गणितातले फर्माचे प्रमेय साडेतीनशे वर्षे सुटले नाही, तरी ते टेमच. सिद्धता बरोबर की चूक, हे ठरवता येते. नुसत्या अवघड कामाला विकेड म्हणणारे इंग्रजी लेखकही कमी नाहीत. मराठीत ‘तिढा’ अपुरा, कारण तिढा सुटतो. मी ‘न संपणारा गुंता’ लिहीन.

प्रतिसाद ४: जाता जाता, ‘हर्क्युलिअन’ला, म्हणजे अचाट ताकद लागणाऱ्या कामाला, ‘शिवधनुष्य पेलणे’ चालते. ‘सिसिफियन’ला मात्र ‘भगीरथ प्रयत्न’ लावू नका. ग्रीक पुराणातल्या सिसिफसने डोंगरावर ढकलत नेलेला दगड दर वेळी खाली घरंगळतो. भगीरथाची गंगा शेवटी आली होती.